चंद्रीसाठी एक शब्द

कमलाकर मास्तरांना जगात कशाची भीती वाटत असेल तर ती हसण्याची. स्वतःच्या नव्हे, स्वतः ते फारसे हसतच नसत. लोकांच्या. आणि ही भीती अगदीच उगाच होती असं काही म्हणता यायचं नाही. सोलापुरातल्या ज्या शाळेत ते भूमिती शिकवायचे, तिथल्या पोरांनी ड्रॉइंगच्या मास्तरांना एकदा बाजारातून काखेत कोंबडी घेऊन जाताना पाहिलं होतं. तेव्हापासून तो बिचारा फळ्याकडे वळला की मागच्या बाकांवरून 'कुक् कुक्' सुरू व्हायचं. वर्षभरात त्यानं शाळा सोडली. कमलाकर मास्तरांनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आपल्यावर अशी पाळी येऊ नये म्हणून ते कोट, टोपी आणि चेहरा, तिन्ही कायम कडक ठेवायचे.

ही गोष्ट एकोणीसशे तेहेतीस-चौतीस सालची. मास्तर तेव्हा गुरुलिंगप्पांच्या घरात भाड्यानं राहत होते. गुरुलिंगप्पा सरकीचे व्यापारी, लिंगायत, माणूस तापट पण मनानं सरळ. समोर त्यांचं स्वतःचं घर, मध्ये फरसबंद अंगण, आणि अंगणाच्या कडेनं भाडेकऱ्यांच्या खोल्या. मास्तरांच्या दोन खोल्यांना लागून सुंदरम्मा राहायची. तिच्या घरात माग होता, आणि तिच्या तोंडातही. म्हणजे सकाळी तिच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत साऱ्या पेठेत विणून तयार. आणि पार दरवाज्याशी, सगळ्यांत लहान खोलीत, येडू आणि त्याची बायको केराबाई.

हे दोघं सांगोल्याकडचे धनगर. दोन वर्षं ओळीनं पाऊस पडला नाही, मेंढरं गेली, आणि येडू गिरणीत कापसाच्या गाठी उचलायला आला. साऱ्या कळपातली एक शेळी तेवढी त्यानं बरोबर आणली. काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरी कोर, म्हणून चंद्री. खोली देताना गुरुलिंगप्पांनी बजावून सांगितलं होतं, "हे बघ, आमच्या घरात लिंगाची पूजा असते. मांस शिजवायचं नाही, कापाकापीचं तर नाव नाही." येडूनं देवाची आण घेतली आणि पाळली. चंद्री तेव्हा त्याच्या मागेच उभी होती. पण ती बाजाराला निघालेली असेल असं गुरुलिंगप्पांना वाटलं, आणि ती बाजाराला निघालेली नाही हे सांगायचं येडूला सुचलं नाही.

मास्तरांच्या घरात त्या वर्षी बाळंतपण झालं. यशोदाबाईंना मुलगा झाला, नंदू. पण बाळंतज्वर आला, जीव वाचला आणि दूध आटलं. गाईचं दूध पाणी घालून चमच्यानं पाजलं, पोरानं उलटून टाकलं. डॉक्टरनं बाटली दिली, ती पोर तोंडात धरीना. नंदू दिवसेंदिवस वाळत चालला. मास्तर शाळेतून आले की आधी दाराशी थांबून आतून रडणं ऐकू येतंय का हे बघायचे, कारण ते ऐकू आलं नाही तर काय, हा विचार त्यांना सहन होत नसे.

त्याच दिवसांत चंद्रीचं करडू दगावलं. ती दिवसभर ओरडायची, कास तटतटलेली. एका दुपारी यशोदाबाईंना काय वाटलं कोण जाणे, नंदूला पदराखाली घेऊन त्या येडूच्या खोलीत गेल्या आणि केराबाईला म्हणाल्या, "हिला धरता का जरा?"

केराबाईनं काही विचारलं नाही. धनगराच्या कळपात दोन-चार शेळ्या असतात, त्या मेंढी मेली की तिच्या कोकराला पाजतात. चंद्रीनं अशी कितीतरी परकी कोकरं वाढवली होती. "हे बी एक कोकरूच की," म्हणत केराबाईनं तिची शिंगं धरली. यशोदाबाईंनी पोर शेळीच्या सडाला लावलं. आणि जे पोर बाटलीला तोंड फिरवत होतं, ते चुकचुक करत पिऊ लागलं. चंद्रीनं एकदा वळून पाहिलं आणि ओरडायची थांबली.

संध्याकाळी मास्तर आले तर पोर झोपलेलं, पोट टम्म. यशोदाबाईंनी सगळं सांगितलं. मास्तर भिंतीकडे तोंड करून रडले, खरंखुरं रडले. मग उपरण्यानं डोळे पुसले आणि पहिला प्रश्न विचारला, "कुणी पाहिलं नाही ना?"

माणूस वाईट नव्हता हो. पण डोळ्यांतलं पाणी वाळायच्या आत त्यांना आपला वर्ग दिसला, फळ्याकडे फिरलेली आपली पाठ दिसली, आणि मागच्या बाकांवरून आलेलं लांबलचक 'बॅऽऽ' ऐकू आलं. तेव्हापासून असं ठरलं की पाजायचं ते येडूच्या खोलीत, दाराला कडी लावून. कुणी विचारलंच तर पोराला गाईचं दूध सोसायला लागलं, असं सांगायचं. येडूला मास्तरांनी हात धरून विनवलं, "येडू, हे बाहेर जायला नको हं." येडू म्हणाला, "म्या कशाला सांगतोय मास्तर? घरातली गोष्ट हाय." त्याचं हे 'घरातली' मास्तरांना थोडं खटकलं.

केराबाईनं मात्र एक गोष्ट सांगून ठेवली. "आमच्यात असं हाय बगा बाई. जिच्या सडाला माणसाचं लेकरू लागलं, ती मग शेळी न्हाय ऱ्हात. तिला इकायचं न्हाय, कापायचं तर नावच काडायचं न्हाय. म्हातारी हून मेली की अंगावर धडुतं घालून मातीत ठेवायची. आई हाय की ती." यशोदाबाईंनी त्याच दिवशी पेटीतून हिरवा खण काढून दिला, आणि केराबाईनं तो चंद्रीच्या गळ्यात बांधला. अंगणात लोक विचारायचे, हे काय गं? केराबाई म्हणायची, देवाचं हाय.

नंदू बाळसं धरू लागला. रांगायला लागला. आणि इथंच सगळं सुरळीत चाललं असतं, तर ही गोष्ट सांगायची गरज नव्हती.

झालं असं, की सुंदरम्मानं सुताला खळ देऊन ते अंगणात वाळत घातलं होतं. खळ म्हणजे पिठाचीच. चंद्रीला तिचा वास लागला, दावं सुटलं, आणि सुंदरम्मा घरातून बाहेर येईपर्यंत अर्धा ताणा चाटून, चावून, गुंता करून झाला होता. मग काय विचारता! सुंदरम्माचा आवाज पार सिद्धेश्वराच्या तलावापर्यंत गेला असेल. "अय्यय्यो, बघा मालक, सगळा सूत खाल्ली शेळी! हे घर आहे का कोंडवाडा?"

येडूनं पाया पडून माफी मागितली, सूत भरून देतो म्हणाला. सुंदरम्माचा राग तेवढ्यानं उतरलाही असता. पण एरवी दिवसभर पेढीवर असणारे गुरुलिंगप्पा जे एकदा बाहेर आले ते शेळीकडे बघतच राहिले. इतके दिवस बाजाराला निघालेली ही शेळी अजून इथंच? आणि गळ्यात देवाचा खण?

"कुठल्या देवाचा रे?" त्यांनी विचारलं. "जत्रेला कापायला ठेवलीयस काय?"

"न्हाय मालक. शपत."

"शपथ प्रत्येक जण घेतो. सोमवारी बघू."

सोमवारी संध्याकाळी गुरुलिंगप्पा सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन यायचे आणि भस्म लावलेल्या कपाळानं ओट्यावर बसून भाडेकऱ्यांच्या तक्रारी ऐकायचे. नळ, गटार, भांडणं, सगळं तिथं निघायचं. त्या दिवशी सगळी बिऱ्हाडं जमली. मास्तरांना गुरुलिंगप्पांनी मुद्दाम आपल्या शेजारी बसवलं. शिकलेला माणूस, कधी खोटं न बोलणारा, अशी त्यांची ख्याती. यशोदाबाई आपल्या दाराच्या आड उभ्या होत्या, कडेवर नंदू.

"हे बघ येडू," गुरुलिंगप्पा म्हणाले, "माझं भांडण शेळीशी नाही. घर भाड्यानं दिलं म्हणून तुझा जीव विकत घेतला नाही मी. पण माझ्या दारात रक्त सांडलं तर मी पूजेला बसू कसा?"

येडू हात जोडून उभा होता, पण बोलला ठाम. "मालक, खोली घेताना कापनार न्हाय म्हनलं, ते पाळलं. पाळनार न्हाय असं म्या कवा म्हनलं व्हतं? एका मुक्या जितराबाला भाडेकऱ्यानं जीव लावू न्हाय, असा काय कायदा हाय का? असल तर मास्तर सांगतील."

"कायद्याचं राहू दे. ही कधी कापली जाणार नाही, याला साक्ष कोण? ह्या अंगणातला कुणी एक जण शब्द देऊ दे, आणि कशावरून ते सांगू दे. राहू दे मग शेळी. सुंदरम्माच्या सुताचं मी बघतो."

झालं. एवढंच पाहिजे होतं. येडूचा चेहरा उजळला. तो गर्रकन वळून मास्तरांकडे बघत म्हणाला, "मास्तर देतील की! मास्तरांस्नी इचारा."

सगळ्या माना मास्तरांकडे वळल्या. सुंदरम्मा पदर सावरून पुढे सरकली. मास्तरांना एकच वाक्य बोलायचं होतं: ही माझ्या मुलाची दूधआई आहे, हिला कुणी कापू शकत नाही. जिभेवर आलं होतं. पण सुंदरम्माचे डोळे त्यांना दिसले, आणि त्या डोळ्यांमागे सारी पेठ, पेठेमागे शाळा. शिक्षक म्हणायचा आणि पोर शेळीच्या सडाला! त्यांनी टोपी नीट केली.

"मला काही माहीत नाही," मास्तर म्हणाले.

येडूला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसावं. "चंद्रीचं म्हनतोय मास्तर."

"हो, हो, शेळीचंच ना? मला काय कल्पना? शेळी ती शेळी, उद्या काय होईल कोण सांगणार?" मास्तरांना आता गप्प बसवेना. लाज लपवायला माणूस जास्त बोलतो तसे ते बोलत सुटले. "शहरात अशी जनावरं ठेवणं बरंही नव्हे. मी म्हणतो, वैरागच्या बाजारात नेऊन विकून टाक की. तुलाही सुटल्यासारखं होईल."

केराबाईच्या तोंडून "आगं आई!" निघून गेलं. तिनं पदर तोंडात कोंबला. विकून टाक! सगळ्या जगानं म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण हे कुणी म्हणावं?

येडूनं मास्तरांकडे पाहिलं. आता हा सांगणार, मास्तरांना वाटलं. येडूनं सांगितलं असतं तर कोण त्याला नावं ठेवणार होतं? खोली त्याची जात होती, गिरणीजवळची, आणि शेळीसकट घेणारा दुसरा मालक शहरात मिळायचा नव्हता. पण येडूनं मान खाली घातली.

"बरं मालक," तो म्हणाला. "शेळी तर म्या इकत न्हाय. उद्या सकाळी खोली सोडतो."

मास्तर घरात आले तेव्हा यशोदाबाईंनी पान वाढलं होतं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, रडल्या असत्या, तर मास्तरांना बरं वाटलं असतं. पण त्यांनी भाकरी वाढली, आमटी वाढली, आणि समोर बसण्याऐवजी पाठ करून नंदूला थोपटत बसल्या. "अगं, शाळेत माझं काय झालं असतं, तू विचार कर," मास्तर म्हणाले. त्यांना स्वतःच्याच आवाजाची शिसारी आली.

सकाळी गिरणीचा भोंगा झाला तरी येडू कामावर गेला नव्हता. त्यानं एक घोंगडी, दोन-चार भांडी आणि काठी, एवढा संसार दाराबाहेर काढला होता. चंद्री अंगणात उभी होती. गुरुलिंगप्पा पूजा आटोपून ओट्यावर आले होते. सुंदरम्माही दारात. सुतावरून भांडली होती, पण आज तिचंही तोंड उतरलेलं होतं.

तेवढ्यात यशोदाबाई बाहेर आल्या. एका हातात तबक, त्यात नारळ, गहू, हळद-कुंकू. कडेवर नंदू. मास्तर मागून धावले. "अगं, काय करतेस? लोक बघताहेत."

"बघू देत," यशोदाबाई म्हणाल्या. "काल बघत नव्हते काय?"

त्या सरळ अंगणाच्या मध्ये गेल्या. नंदूला फरशीवर ठेवलं, चंद्रीच्या कपाळावरच्या कोरीत कुंकू टेकवलं, तिच्यापुढे ओटीचे गहू ठेवले. चंद्रीनं लगेच ते खायला सुरुवात केली. आणि नंदूला काय, रोजचा रस्ता. तो रांगत रांगत तिच्या पोटाखाली गेला, मान वर केली आणि प्यायला लागला. चंद्रीनं खाता खाता मागचा एक पाय बाजूला घेतला, त्याला जागा व्हावी म्हणून.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आता हसतील. पण हसणं आलंच नाही.

"शिवा शिवा," गुरुलिंगप्पांचा आवाज आला. "हे कधीपासून बाई?"

"हा दीड महिन्याचा होता तेव्हापासून. हिच्यामुळं जगला. आणि ह्यांच्यात अशा शेळीला विकत नाहीत, कापत नाहीत. आई मानतात."

गुरुलिंगप्पा ओट्यावरून खाली आले. ते यशोदाबाईंकडे नाही, मास्तरांकडे बघत होते. त्यांचा तो प्रसिद्ध राग कुठंच नव्हता, आणि मास्तरांना तो हवा होता. "मास्तर, हे काल सांगायचं होतं की हो," ते हळू म्हणाले. "ही आई की! आईला मी घराबाहेर काढलं असतं काय?" मग येडूकडे वळले. "आत ने रे सामान. खोली तुझीच आहे."

येडूनं घोंगडी खांद्यावर घेतलेली होती. ती त्यानं खाली ठेवली नाही.

"न्हाय मालक. तुमचं बोलनं पावलं. पर आता न्हाय."

"का रे?"

"मास्तरांस्नी रोज ह्याच दारातनं जायाचं असतंय. आमी हितं ऱ्हायलो तर त्यांस्नी सकाळ-संध्याकाळ आमचं तोंड बगाय लागंल. कशाला उगं त्यांस्नी तरास?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मास्तरांना काही उत्तर तरी देता आलं असतं. येडू खरोखरच त्यांची काळजी करत होता, आणि भरल्या अंगणात मास्तरांना आपण नागडे उभे आहोत असं वाटलं.

केराबाई पुढे आली. "मास्तर, लेकराला तुमीच घ्या. आमी वडलं तर रडंल. आता वाटीनं पितोय, काळजी करू नका."

मास्तर खाली बसले. इतक्या महिन्यांत ते चंद्रीच्या इतक्या जवळ कधी आले नव्हते. तिच्या अंगाला उबदार, रानटी वास होता, आणि आपल्या मुलाच्या जावळालाही हाच वास येतो हे त्यांच्या लक्षात आलं. इतके दिवस तो वास त्यांनी तेलाचा समजला होता. त्यांनी नंदूला दोन्ही हातांनी धरून ओढलं. सड तोंडातून सुटला, दुधाचा ओघळ मास्तरांच्या कोटाच्या बाहीवर पडला, आणि नंदूनं टाहो फोडला. येडूनं दावं ओढलं. चंद्री दरवाज्यापर्यंत मागं बघत, ओरडत गेली. मास्तर पोराला घेऊन उभे राहिले. कुठं जाणार, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायचं त्यांना सुचलंच नाही, की तोंड वर झालं नाही, देव जाणे.

सुंदरम्मानं तिचं काम चोख केलं. संध्याकाळपर्यंत पेठेत सगळ्यांना कळलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतही. मास्तर फळ्याकडे वळले, खडूनं त्रिकोण काढला, आणि पाठीमागून आवाज येण्याची वाट बघत तसेच थांबले. वर्ग चिडीचूप होता. कुणीच बॅ केलं नाही. मास्तरांना हुंदका आला, तो त्यांनी खोकल्यात घातला.

घरी आले तर दारात मल्लव्वा बसलेली. पलीकडच्या बोळात राहणारी म्हातारी, तिची सून बाळंतपणात गेलेली. मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं पोर होतं, रडायचंही बळ नसलेलं. मास्तरांनी ते पाहिलं आणि त्यांना नंदूचे ते दिवस आठवले.

"मास्तर," मल्लव्वा म्हणाली, "सुंदरम्मा म्हनली, तुमच्या अंगणात एक शेळी व्हती, लेकराला पाजायची. कुटं गेली ती?"

"मला माहीत नाही," मास्तर म्हणाले. या खेपेला ते खरं होतं.

यशोदाबाईंनी पुढे होऊन म्हातारीचं पोर हातात घेतलं आणि त्या चमच्यानं दूध पाजून बघायला आत गेल्या. मास्तर टोपी न घालता तसेच बाहेर पडले. गिरणीच्या फाटकाशी विचारलं, येडूनं कालच नाव काढून घेतलं होतं. मग सांगोल्याकडे जायचा म्हणून मोहोळच्या रस्त्याला लागले. नाक्याजवळ टांगे उभे होते. मास्तरांनी एका टांगेवाल्याला थांबवलं.

"एक धनगर आणि त्याची बायको गेली का हो इकडून? बरोबर काळी शेळी. गळ्यात हिरवा खण."

"खण? शेळीच्या गळ्यात?" टांगेवाला म्हणाला. "कुणाची शेळी?"

"माझ्या मुलाला पाजायची," मास्तर मोठ्यानं म्हणाले. "अंगावर पाजायची. त्याची आई आहे ती."

टांगेवाल्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, त्यांच्या कोटाच्या बाहीवरचा वाळलेला डाग पाहिला, आणि तो खो खो हसत सुटला. शेजारचे दोघंही हसले. एकानं 'बॅऽऽ' केलं.

मास्तर तिथंच उभे राहिले. हसणं थांबेपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

"पण पाहिली का हो?" त्यांनी पुन्हा विचारलं.

कुणीच पाहिली नव्हती.